‘बिझनेस लॅपटॉपच घ्या’ : एका व्हॉट्सअ‍ॅप सल्ल्याचा प्रतिवाद

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की कोल्हापुरातील पालकांच्या आणि छोट्या व्यावसायिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा : ‘मुलाला घरगुती लॅपटॉप घेऊन देऊ नका, तो दोन वर्षांत बाद होतो. बिझनेस लॅपटॉप लष्करी कसोटीला उतरलेला असतो, त्याचा प्रोसेसर वेगळा असतो, रॅम केव्हाही वाढवता येते, तीन वर्षे कंपनीचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो. नवा 50 हजारांचा घेण्यापेक्षा कंपनीतून निघालेला बिझनेस लॅपटॉप 25 हजारांत घ्या, दहा वर्षे बघायला नको. दुकानदार हे सांगणार नाहीत.’

यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धे खरे आहे, आणि म्हणूनच ते पटते. ‘बिझनेस’ या शब्दावरून लॅपटॉप कोणाला विकण्यासाठी बनवला आहे एवढे कळते. तो किती चांगला आहे हे कळत नाही. एकदम 500 लॅपटॉप घेणाऱ्या कंपनीला तेच मॉडेल पुढेही बराच काळ मिळत राहायला हवे असते, सगळ्या यंत्रांवर एका जागेवरून नियंत्रण ठेवायचे असते आणि दुरुस्तीचा करार हवा असतो. या सोयींचे पैसे किमतीत धरलेले असतात. राजारामपुरीत एकच लॅपटॉप घ्यायला गेलेल्या पालकाच्या वाट्याला त्यांतले फार थोडे येते.

लष्करी कसोटीचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्याचाच दबदबा सर्वांत जास्त आहे. मिल-एसटीडी-810 हे अमेरिकेच्या संरक्षण विभागाचे मानक असून त्याची 810एच ही आवृत्ती 2019 सालची आहे. तापमान, दमटपणा, कंपने, धक्के, धूळ अशा अनेक चाचण्या कशा घ्याव्यात हे त्यात सांगितले आहे; पण लॅपटॉपला प्रमाणपत्र देणारी कोणतीही लष्करी संस्था त्यामागे नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या हे उत्पादक स्वतः ठरवतो आणि त्या स्वतः घेतो किंवा एखाद्या प्रयोगशाळेकडून करून घेतो. एचपीसारख्या कंपन्या जाहिरातीखालच्या बारीक अक्षरांत स्पष्ट लिहितात की या चाचण्या लष्करी वापरासाठीची पात्रता दाखवत नाहीत आणि पुढील कामगिरीची हमीही देत नाहीत. शिवाय हाच दावा आसुसच्या टफ आणि व्हिवोबुक या ग्राहकांसाठीच्या मालिकांवरही छापलेला असतो, तेव्हा तो फक्त बिझनेस लॅपटॉपचा विशेष राहत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत बारीक काळी धूळ पंख्यावाटे आत ओढली जाते. तिथे त्या छापील ओळीपेक्षा ठरावीक काळाने पंखा साफ करून घेणे अधिक उपयोगाचे ठरते. लेनोवोच्या थिंकपॅड या बिझनेस लॅपटॉपच्या टी मालिकेत कीबोर्डवर सांडलेला चहा खाली निघून जावा म्हणून मार्ग ठेवलेला असतो, ही सोय चांगली आहे. मात्र जुलैच्या पावसात भिजलेल्या सॅकमधल्या लॅपटॉपला तिचा काही उपयोग नाही.

प्रोसेसर वेगळा असतो, हे म्हणणे तपशिलात गेल्यावर फारसे टिकत नाही. इंटेलचे आय5-8250यू आणि आय5-8350यू शेजारी ठेवा : दोन्हींत 4 कोअर (म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग), कमाल वेग अनुक्रमे 3.4 आणि 3.6 गिगाहर्ट्झ. मुख्य फरक असा की दुसऱ्यात व्हीप्रो आहे, म्हणजे विंडोज सुरू नसतानाही कंपनीच्या आयटी विभागाला दुरून त्या यंत्रापर्यंत पोहोचता येते. विद्यार्थ्याच्या घरी आयटी विभाग नसतो. उलट सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या मेकॅनिकलच्या मुलाला एच मालिकेचा प्रोसेसर आणि स्वतंत्र ग्राफिक्स असलेला, खेळांसाठी म्हणून विकला जाणारा लॅपटॉप पातळ बिझनेस लॅपटॉपपेक्षा बरीच जास्त ताकद देतो. फक्त तो जड असतो आणि त्याची बॅटरी लवकर उतरते.

रॅमबद्दलचे विधान तर कित्येकदा नेमके उलटे आहे. थिंकपॅड एक्स1 कार्बनमध्ये रॅम बोर्डावरच झाळलेली असते आणि ती वाढवता येत नाही, तर डेलच्या इन्स्पिरॉन 15 3520 या साध्या घरगुती मॉडेलमध्ये रॅम बदलता येण्याजोगे दोन स्लॉट मिळतात. मॉडेलचे नाव टाकून कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअल उघडले की दोन मिनिटांत याचा निकाल लागतो.

तीन वर्षांची घरपोच सेवा ही मालिकेबरोबर आपोआप येत नाही, ती विकत घेतलेली असते. मोठ्या कंपन्या ती करारात घेतात. दुकानात मिळणाऱ्या स्वस्त बिझनेस मॉडेलवर अनेकदा एकच वर्ष असते, आणि जादा पैसे भरून घरगुती लॅपटॉपचीही वॉरंटी वाढवता येते. पडून स्क्रीन फुटली तर साधी वॉरंटी लागू होत नाही, त्यासाठी अपघाती नुकसानीचे वेगळे संरक्षण घ्यावे लागते. चंदगड, आजरा किंवा गगनबावड्याला राहणाऱ्यांनी आपल्या पिनकोडवर माणूस येतो का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

‘दोन वर्षांत बाद’ हा आरोप मात्र पूर्ण झटकता येत नाही, आणि संदेशातला सर्वांत सच्चा भाग हाच आहे. स्वस्त घरगुती लॅपटॉपमध्ये झाकणाच्या बिजागरीचे स्क्रू प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या छोट्या पितळी नटांत बसवलेले असतात. बिजागरी घट्ट आणि प्लास्टिक पातळ. त्यात झाकण रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडले, की आधी करकर सुरू होते, मग कडेला चीर दिसते आणि एक दिवस नट प्लास्टिकसकट उपटून येतो. दुरुस्तीवाला तिथे एरल्डाइट भरून देतो, आणि ते काही काळ निभावते. वरच्या दर्जाच्या बिझनेस मालिकांची बांधणी याबाबतीत खरोखरच सरस असते. पण इथेही नावावर जाऊन चालत नाही : डेलची व्होस्ट्रो बिझनेससाठी म्हणून विकली जात असे, तरी तिची बांधणी इन्स्पिरॉनच्याच जवळची होती, आणि चढ्या किमतीच्या घरगुती लॅपटॉपला धातूची बॉडी मिळते. दुकानात झाकण मधोमध धरून उघडावे, कीबोर्डच्या मध्यभागी बोटाने दाबून पाहावे. माहितीपत्रकापेक्षा यातून जास्त कळते.

आता 25 हजारांत दहा वर्षे. जुन्या बाजारात थिंकपॅडचे टी470 आणि टी480 शेजारी ठेवले, तर सवय नसलेल्या माणसाला फरक सांगता येणार नाही. दोन्हींवर ‘आय5’चे स्टिकर असते. पण आतला आकडा पाहिला, तर टी470 मध्ये आय5-7300यू निघू शकतो, ज्यात 2 कोअर आहेत. टी480 मधल्या आय5-8350यूमध्ये 4. त्याहून महत्त्वाचे म्हणजे विंडोज 11 साठी इंटेलची, थोडे अपवाद वगळता, किमान आठवी पिढी (आय5-8350यू मधला 8 म्हणजे आठवी) लागते आणि विंडोज 10 चा सर्वसाधारण सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. सातव्या पिढीवर आडवाटेने विंडोज 11 बसवून देणारे आहेत, पण अशा यंत्राला पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स त्यावर उत्तम चालते. तथापि ज्याला टॅली किंवा सॉलिडवर्क्स शिकायचे आहे, त्याला विंडोजवाचून गत्यंतर नाही.

आठवी पिढी मिळाली तरी तपासणी संपत नाही. टी480 अनेकदा 1366 बाय 768 च्या फिकट पडद्यासह येतो आणि त्यावर एक्सेलची मोठी शीट पाहणे कंटाळवाणे होते. कमांड प्रॉम्प्टमधून बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता यांची तुलना करावी. निम्म्याच्या आसपास असेल, तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरावा. सर्वांत फसवा प्रकार कुलपांचा आहे. बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रणालीला, जुन्या कंपनीचा पासवर्ड असू शकतो, किंवा यंत्राची नोंद त्या कंपनीच्या ऑटोपायलट (कंपनीची यंत्रे तिच्या नावावर लावून देणारी मायक्रोसॉफ्टची सोय) खात्यात तशीच राहिलेली असू शकते. असा लॅपटॉप दुकानात सुरळीत चालतो; वर्षभराने विंडोज रीसेट करून इंटरनेट जोडले, की पडद्यावर भलत्याच कंपनीचे लॉगिन उभे राहते. म्हणून दुकानातच रीसेट करायला लावून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडून पाहावे. दुकानदाराने यासाठी तासभर थांबायला सांगितले, तर थांबावे.

तरीही बिझनेस लॅपटॉप नवा घेणे ज्यांच्या हिताचे आहे असे लोक कोल्हापुरात भरपूर आहेत. शाहूपुरीतल्या एखाद्या सीएच्या कार्यालयात अशिलांची माहिती साठवलेली असते आणि विवरणपत्रांच्या हंगामात एक दिवसही यंत्र बंद पडून चालत नाही. तिथे विंडोज प्रो, बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) आणि तीन वर्षांची घरपोच सेवा यांचे पैसे वसूल होतात. जीएसटी क्रमांकावर बिल घेतले तर 18 टक्क्यांचा इनपुट क्रेडिट पात्रतेनुसार मिळतो आणि उरलेल्या किमतीवर आयकरात 40 टक्के दराने घसारा धरता येतो. विद्यार्थ्याच्या पालकाला यांतले काहीच मिळत नाही, म्हणून तीच किंमत त्याला प्रत्यक्षात महाग पडते. बी.कॉम.च्या विद्यार्थ्याला मात्र आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा, चांगल्या पडद्याचा आणि नव्या बॅटरीचा जुना बिझनेस लॅपटॉप खुशाल घ्यावा. तिथे मूळ संदेशाशी माझे भांडण नाही.

राहिला ‘दुकानदार हे सांगणार नाहीत’ हा टोमणा. जुने बिझनेस लॅपटॉप विकणाराही दुकानदारच असतो आणि त्यालाही माल खपवायचाच असतो. तेव्हा विक्रेता नव्याचा असो वा जुन्याचा, बिलावर सिरियल नंबर, प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून मागावी. जुना असेल तर बॅटरीची आजची क्षमता आणि परत घेण्याची मुदतही. नव्या लॅपटॉपचा सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून वॉरंटीची तारीख काउंटरवरच जुळवून पाहावी, आणि ती जुळत नसेल तर पैसे देऊ नयेत.