आडनाव जुळलं म्हणजे १०६६ चा सरदार पूर्वज झाला, असं नाही

"तुमचं इंग्लिश आडनाव बॅटल अॅबीच्या यादीत असेल तर तुमचा पूर्वज विल्यम द कॉन्कररबरोबर १०६६ ला आला होता" असं एक फॉरवर्ड सगळीकडे फिरतंय, ते चुकीचं आहे. विल्यम म्हणजे १०६६ ला हेस्टिंग्जची लढाई जिंकून इंग्लंडचा राजा झालेला नॉर्मंडीचा ड्यूक, आणि ही यादी म्हणजे त्या रणभूमीवर बांधलेल्या बॅटल अॅबी या मठात होती म्हणतात ती, त्याच्या साथीदारांच्या नावांची. पण मूळ यादीच आज शिल्लक नाही, ज्या नकला मिळतात त्या सोळाव्या शतकातल्या आणि त्यात मागून घुसवलेली नावं भरपूर. हेस्टिंग्जच्या लढाईत नक्की होते असं त्या काळच्या लिखाणावरून सिद्ध होणारे लोक जेमतेम पंधरा-वीस, बस्स.

दुसरं म्हणजे तेव्हा वंशपरंपरेनं चालणारी आडनावं फारशी नव्हतीच हो. १०८६ च्या डूम्सडे बुकात (विल्यमनं करवून घेतलेली जमिनींची नोंदवही) बघा, कितीतरी ठिकाणी नुसतं "विलेल्मुस" (लॅटिनमध्ये विल्यम) लिहिलंय, आता हा कुठला विल्यम ते तुम्हीच सांगा! मग नुसत्या नावावरून साडेनऊशे वर्षं मागे कसं जाणार?

खरं काम करायचं तर आपल्यापासून एकेक पिढी मागं जायचं, चर्चच्या बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या नोंदी १५३८ पासून सुरू होतात (राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल, त्याच्या हुकमानं), त्याच्या मागं मृत्युपत्रं आणि जमिनीचे कागद, आणि साध्या शेतकऱ्याच्या घराण्याचा माग बहुतेक वेळा तिथंच तुटतो, त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि प्लीज, "आडनावाचं कुलचिन्ह" (कोट ऑफ आर्म्स) म्हणून विकतात त्या फ्रेमवर पैसे घालवू नका, इंग्लंडमध्ये असं चिन्ह आडनावाला मिळत नाही, एका माणसाला मिळतं आणि पुढं त्याच्या थेट वंशजांना, ते लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स देतं, १४८४ पासूनची संस्था आहे ती.