द्वारका उर्फ सुलभा

माझ्या आईला दोन नावं आहेत, हे तिच्यासकट आम्ही सगळे विसरलो होतो. माहेरची ती द्वारका. लग्नात वडिलांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीने 'सुलभा' गिरवलं आणि पुढे जन्मभर 'अगं' म्हणून हाक मारली.

वडील पाटबंधारे खात्यातले पेन्शनर. ते गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन आम्ही मायलेक कोषागारात गेलो. तसं सोपं काम: शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के, वर महागाई भत्ता, पत्नीला तहहयात. पण पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, पत्नी सुलभा आणि आधारवर द्वारका. आधार मामाने काढलं होतं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून.

बाबूंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि आवाज खाली आणून विचारलं, "यातल्या पहिल्या कोण?"

मी गार. ते म्हणाले, "संकोच नको. १९८२ चे निवृत्तिवेतन नियम, नियम ११६. विधवा एकीपेक्षा जास्त असल्या तर समान हिस्से."

बाकावरच्या आईने एवढंच ऐकलं. रिक्षात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "कोयनानगरला अडीच वर्षं एकटेच होते."

"आई, सुलभा म्हणजे तूच!"

"ते कळतंय रे. पण सरकारी माणूस विचारतोय म्हणजे कागदावर काहीतरी असेलच ना?"

पुरावा म्हणून माळ्यावरून लग्नपत्रिका काढली. पत्रिका लग्नाआधी छापतात, हे मात्र ध्यानात आलं नाही. तिच्यावर 'चि. सौ. कां. द्वारका'. म्हणजे वडिलांनी लग्न केलं द्वारकेशी आणि संसार केला सुलभाशी, हे आम्हीच लेखी सिद्ध करून दिलं. राजपत्रात नाव बदलल्याची नोंद नाही. आणि त्या तांदळांचा त्याच दिवशी भात झाला असणार. लग्नाला हजर असलेल्यांपैकी उरलेत फक्त मामा. त्यांना फोन केला, तर म्हणाले, "सुलभा? कोण सुलभा?"

शेवटी वकिलाने प्रतिज्ञापत्र केलं: 'द्वारका उर्फ सुलभा ही एकच व्यक्ती आहे.' आई अडून बसली. "उर्फ चोरांना लावतात. पेपरात वाचते मी."

तिची समजूत घालायला दोन दिवस लागले. कोषागाराला त्याहून जास्त, पण थकबाकीसकट पैसे आले.

नोव्हेंबरात हयातीच्या यादीवर सही करायला बँकेत गेलो. तिथे ही गर्दी, सगळे आपण जिवंत असल्याचं सांगायला आलेले. काउंटरवरच्या मुलीने पुकारा केला, "द्वारकाबाई!" आई ढिम्म. "सुलभाबाई!" आई पंख्याकडे बघत बसलेली. मी तिला हलवणार, तेवढ्यात मागून कुणी आजोबा आपल्या बायकोवर खेकसले, "अगं!"

आई ताडकन उठली. "काय हो?"