"कोय लावा, कलम नको" हा मेसेज पुढे पाठवायच्या आधी हे वाचा

मृग जवळ आला की दरवर्षी हा मेसेज फिरायला लागतो, यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर दोन दिवसांत तीन जणांनी टाकला. "घरामागे फळझाडं लावताय? नर्सरीवाले हे कधीच सांगणार नाहीत" असं वर लिहिलंय आणि खाली पाच गोष्टी. एक, कलम म्हणजे हायब्रीड, त्याच्या फळात कस नसतो आणि झाड दहा-पंधरा वर्षांत मरतं, म्हणून खाल्लेल्या आंब्याची कोयच लावा. दोन, हापूस महाराष्ट्रात कुठेही येतो. तीन, झाड फळ धरत नसेल तर खोडात खिळा ठोका. चार, एक मियाझाकी लावा, लाखोंचा आंबा दारात. पाच, नर्सरीतून सगळ्यात मोठं, फळं लागलेलं रोप आणा.

माझं माहेर गुहागरकडचं आणि सासर अंबाजोगाईचं, दोन्हीकडे मातीत हात घालून झालेत. आणि माझी भाची, जिने नवीन घरामागे सहा खड्डे काढून ठेवलेत, ती हा मेसेज वाचून कोयी धुवून वाळवत बसली होती, म्हणून एवढं लिहितेय. यात पैशाचं नुकसान फार नाही हो, पण वर्षं जातात, आणि झाड चुकलंय हे कळतं तेव्हा सहा-सात वर्षं गेलेली असतात.

पहिला मुद्दाच सगळ्यात चुकीचा आहे, त्यामुळे त्याच्यावर जरा जास्त बोलते. हायब्रीड म्हणजे दोन जातींचा संकर, एकाच्या फुलाचे पराग दुसऱ्याच्या फुलावर घालून जे बी तयार होतं ते. कलम म्हणजे एका झाडाची काडी दुसऱ्या रोपावर बांधणं, बस. माझे वडील जूनमध्ये पडवीत बसून कोयकलमं बांधायचे. रायवळच्या, म्हणजे साध्या गावठी आंब्याच्या, कोयी रुजवलेल्या असायच्या, त्यातून पंधरा-वीस दिवसांचा तांबूस कोवळा कोंब वर आला की वडील तो वितीच्या आत छाटायचे, मधोमध चीर द्यायचे, हापूसच्या काडीचं टोक दोन्ही बाजूंनी पाचरीसारखं तासून त्यात बसवायचे आणि वरून प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायचे. मी पट्ट्या कापून द्यायला बसायचे. यात संकर कुठे आला? खालची मुळं रायवळची, वरचं सगळं झाड हापूस, ज्या झाडाची काडी घेतली त्याचंच फळ येणार.

आता खाल्लेल्या हापूसची कोय लावली तर? हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून झालेला असतो, म्हणजे आई हापूस आणि बाप शेजारच्या बांधावरचा कुठलाही आंबा. येणारं झाड हापूस नसतं, रायवळ असतं. गोड निघेलही, आंबट-दोरेदार पण निघेल, आधी कुणालाच सांगता येत नाही. कोकणात बोलायची पद्धतच बघा ना, "तुमची कलमं किती?" म्हणजे हापूसची झाडं किती, आणि कोयीची ती रायवळं. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यात आंब्याची कलमं बांधायला लागले, हापूस हे नावसुद्धा आफोन्सोवरून आलं, आणि तेव्हापासून ही जात फक्त काडीवरून काडीवर आलीय. कलम पंधरा वर्षांत मरत असतं तर हापूस आज असता का? आमच्या घरामागचं आजोबांनी लावलेलं कलम साठी ओलांडून उभं आहे, अजून मोहरतं.

मग कलम मरतं ही समजूत आली कुठून, तर त्याचंही कारण आहे आणि ते मी स्वतः भोगलंय. अंबाजोगाईला आल्यावर मी एका नर्सरीतून कलम आणलं. जोडाच्या खालून फुटवा आला, मला वाटलं झाड छान फुटतंय, पट्टी पण तशीच राहिली ती खोडात रुतली, दोन वर्षांत वरचं कलम वाळून गेलं आणि खालचा फुटवा जोमात वाढला. सात वर्षांनी आंबे आले ते बारके, सगळे दोरे. तिथे कलम कधीच मेलं होतं, वाढत होतं ते खालचं रायवळ, आणि लोक म्हणतात "कलमाला चव नसते". लावताना जोड जमिनीच्या वर ठेवा, जीव धरला की पट्टी कापून टाका आणि जोडाखाली फुटलेलं काहीही लगेच खुडा.

कोय किंवा बी लावणं सगळीकडे चूक आहे असं मात्र मी म्हणत नाही. कागदी लिंबाचं एक बी पेरलं तर बऱ्याचदा दोन-तीन कोंब येतात, त्यातले बरेचसे आईचीच हुबेहूब प्रत असतात, म्हणून चांगल्या झाडाच्या लिंबाचं बी लावून फसवणूक होत नाही, फक्त फळाला जास्त वर्षं थांबावं लागतं. नारळाला तर कलम नसतंच. बालाघाटच्या डोंगरावरची सीताफळं बियांचीच आहेत. उलट कोकम बघा, त्यात नर आणि मादी झाडं वेगळी. बियांची रोपं लावली तर निम्मी नर निघू शकतात आणि ते कळायला सहा-सात पावसाळे जातात, म्हणून तिथे कोकण अमृता या जातीचं कलमच घ्यायचं. फळागणिक उत्तर बदलतं, आणि मेसेजमध्ये नेमकं हेच नाही.

हापूस कुठेही येतो. झाड येतं हो, वाढतं पण. मी माहेराहून दोन कलमं आणली होती, खूप जीव लावला. मोहर यायचा, फळ टिकायचं नाही, जी टिकली त्यांना तो वास नाही, रंग नाही. समुद्राकडची दमट हवा, जांभ्याची निचऱ्याची जमीन, हे सगळं त्या फळात उतरतं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. धारवाड, वलसाडकडे हापूस होतो हे खरंय, पण मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात परसातल्या दोन झाडांत एक हापूस असणं म्हणजे निम्मी जागा अडवणं. बरं, कोकणात तरी हा सोपा आहे का? एक वर्ष आड धरतो, कापल्यावर आत साका, म्हणजे पांढरट स्पंजसारखा खराब गर, निघतो, तुडतुडे आणि भुरीसाठी फवारण्या. घरच्यासाठी लावायचा तर रत्ना का नको? नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या केंद्रातून 1981 साली आला, दरवर्षी धरतो आणि साका होत नाही. (हा खरा हायब्रीड, आणि खाऊन बघा कस आहे की नाही.) आमच्याकडे केसर लावा, मराठवाड्याच्या केसरला स्वतःचं मानांकन आहे. जागा अगदीच कमी असेल तर आम्रपाली, झाड बुटकं राहतं, अडीच मीटरवर एक अशी लावतात.

आणि आंब्यापलीकडे पण बघा. बीडच्या माणसाने दारात सीताफळ नाही लावायचं तर कुणी लावायचं? धारूर 6 ही जात इथल्याच अंबाजोगाईच्या सीताफळ केंद्राची आहे. पेरूत सरदार, तो पण आपल्या पुण्याच्या गणेशखिंडीत निवडलेला, नाव लखनौ 49 असलं तरी.

खिळ्याचं थोडक्यात. हे बहुतेक पपईवरून आलंय. देशी पपईच्या बियांतून साधारण निम्मी झाडं नर येतात, त्यांना लांब देठावर लोंबणारे फुलांचे झुपके येतात, मादीचं फूल मोठं आणि खोडाला चिकटून. खिळा ठोकून नराची मादी होत नाही, खोडाला जखम होते आणि तिथून कूज शिरते. एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावा, फुलं आली की बघून एक मादी ठेवा, बाकीची काढा, आसपास एखादा नर असू द्या. नाहीतर रेड लेडी या संकरित जातीची रोपं आणा, त्यात नुसते नर नसतात, पण तिच्या फळातलं बी पुन्हा लावू नका, तसंच झाड येत नाही.

मियाझाकी हे मुळात झाडाच्या जातीचं नावच नाही, तो जपानमधला प्रांत. तिथे जी जात लावतात ती आयर्विन, फ्लोरिडाची. त्यातलं किमान 350 ग्रॅमचं, ठरावीक गोडीचं आणि चांगलं लाल फळ निवडून वेगळ्या नावाने विकतात, लिलावात महाग जातं ते हे निवडलेलं फळ. प्लास्टिकच्या घरात वाढवतात, प्रत्येक आंब्याला जाळी बांधतात, पिकून आपोआप त्यात पडेपर्यंत. 2021 मध्ये जबलपूरच्या बागेत पहाऱ्याला कुत्री ठेवल्याची बातमी आली आणि तेव्हापासून रोपं विकणाऱ्यांची चांदी झाली. हौस म्हणून लावा, पण त्या भावाच्या आशेवर हजारो रुपये घालू नका.

राहिलं मोठं रोप. पिशवीतच तीन-चार वर्षं काढलेल्या रोपाची मुळं तळाशी गोल गोल वळलेली असतात, जमिनीत लावल्यावरही ती तशीच वळत राहतात. वर लागलेली दोन फळं बघून भुलू नका. एक-दीड वर्षाचं, जोड नीट सांधलेला, मुळं पिशवीबाहेर न आलेली, असं कलम घ्या, शक्यतो कृषी विद्यापीठाच्या किंवा सरकारी रोपवाटिकेतून, आणि पहिली तीन वर्षं मोहर आला तर खुडून टाका, मन घट्ट करून.

भाचीच्या सहा खड्ड्यांचं आम्ही ठरवलंय, दोन केसर, एक धारूर 6, एक सरदार पेरू, एक कागदी लिंबू. सहाव्यात तिला तिची धुवून वाळवलेली कोयच लावायचीय, लाव म्हटलं, रायवळ म्हणून लाव, लोणच्याला होईल आणि सावली पण देईल.