‘उंदरांवरून आयांना शिकवू नका’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, ‘बाळाचा मेंदू आणि आईची जवळीक’ या माझ्या लेखावरून तुम्ही मला चांगलंच झाडलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: उंदरांचे प्रयोग सांगून कामकरी बायांना दोषी ठरवू नका. तुमची आई सोलापुरात मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार विड्या वळायची, पोरं पाळण्यात रडायची, तरी तुम्हा भावंडांचं काही बिघडलं नाही.

उंदरांचंच आधी बोलू, कारण ते तुमच्याच बाजूने आहेत. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि सहकाऱ्यांना दिसलं, की पहिल्या आठवड्यात आईने भरपूर चाटलेली पिलं मोठेपणी ताणातून लवकर सावरतात. चाटण्याने मेंदूतल्या एका जनुकावरच्या रासायनिक खुणा बदलतात आणि ताणाच्या संप्रेरकाला आवर घालणारी यंत्रणा नीट बसते, हे त्यांनी 2004 साली मांडलं. कमी चाटणाऱ्या आईची पिलं जास्त चाटणारीकडे दिली, तर तीही ताणातून लवकर सावरणारी निघाली. म्हणजे पोटचं की परकं, याने फरक पडला नाही. आई विड्या द्यायला कारखान्यात गेली की आजी तेल लावायची, शेजारची तेलुगू मावशी कडेवर घेऊन फिरायची, हे तुम्हीच जाता जाता लिहिलंय. अहो, मी जवळीक म्हणतो ती हीच!

दुसरा प्रयोग कॅलिफोर्नियातल्या संशोधक टॅली बराम यांचा, तोही उंदरांवरच. त्यांनी आईला पिलांपासून तोडलं नाही, पिंजऱ्यात घरट्याचं सामान तेवढं कमी टाकलं. आई पिलांपाशीच राहिली, पण सारखी उठबस. धड पाजणं नाही, धड चाटणं नाही. त्या पिलांची स्मरणशक्ती पुढे कमी भरली. आता यात त्या आईचा काय दोष? विडीची मजुरी हजारामागे. हात थांबला की पैसे थांबले. त्यात खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचा भुर्दंड. अशा बाईसमोर ‘बाळाशी गप्पा मारा’चं पोस्टर धरणाऱ्यांचा मलाही रागच येतो.

पण ‘आमचं काय बिघडलं’ हे मला मान्य नाही. रुमानियाची राजधानी बुखारेस्टमध्ये 2000 सालानंतर अनाथालयांतल्या 136 मुलांचा अभ्यास झाला. निम्मी मुलं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबांत दिली. अनाथालयात खायला-प्यायला होतं, उचलून घेणारं ठरावीक माणूस नव्हतं. कुटुंबात गेलेली मुलं बरीच सावरली, त्यातही दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त. तुमच्या घरी माणसं होती. आज कारखान्याजवळच्या एका खोलीत नवरा, बायको आणि तान्हं बाळ. आजी गावाकडे, नवरा रात्रपाळीला. मला काळजी आहे ती या बाळाची, आणि त्याच्या आईचीही.

तंबाखूच्या धुळीबद्दल विचारलंत, त्यावर सविस्तर लिहीन. तोवर सूप आणि पाळणा एका खोलीत नको. एकच खोली असेल तर सूप दाराबाहेर, आणि बाळाला घेण्याआधी हात साबणाने धुवायचे, वरचं लुगडं किंवा गाऊन बदलायचा.