‘व्हेरिफाय फॉल्स करा, चालून जाईल’ हा सल्ला घेऊ नका

डेव्हलपरांच्या ग्रुपवर एक मेसेज दर काही महिन्यांनी फिरून येतो: एसएसएलने, म्हणजे इंटरनेटवर एन्क्रिप्ट करून, बोलताना समोरच्या यंत्राचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, तपासणं बंद करा. मजकूर साधारण असा: ‘एसएसएलचा एरर आला तर वेळ घालवू नका. पायथनमध्ये व्हेरिफाय फॉल्स करा, कर्लला डॅश-के लावा, जावात सगळं मान्य करणारा ट्रस्ट मॅनेजर टाका. डेटा तरीही एन्क्रिप्ट होऊनच जातो. ब्राउझरमध्ये साइट उघडते ना? मग सर्टिफिकेट बरोबरच आहे. फारच भीती वाटत असेल तर फक्त नावाची तपासणी बंद करा. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थाही फसल्यात, तेव्हा त्या तपासणीला तसाही अर्थ नाही. प्रॉडक्शनला जाताना परत चालू करता येईल.’

एका सॉफ्टवेअरला दुसऱ्याशी जोडणं हेच माझं काम आहे. पेमेंट, एसएमएस, बँकांच्या एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याशी बोलायच्या खिडक्या. या मेसेजमधलं प्रत्येक वाक्य मी रात्री-अपरात्री कुणाच्या तरी तोंडून ऐकलंय, म्हणून उत्तरही वाक्यावाक्याला देतो.

‘डेटा तरीही एन्क्रिप्ट होतो.’ हो, होतो. पण कुणासाठी? हँडशेकमध्ये, म्हणजे जोडणी सुरू होताना, तुमचा प्रोग्राम आणि समोरचं यंत्र मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात. समोरचं यंत्र बँकेचंच आहे याची खात्री फक्त सर्टिफिकेटवरून होते. ती खात्री सोडून दिली, तर वाटेत बसलेला कुणीही स्वतःचं सर्टिफिकेट पुढे करतो, तुमच्याशी एक किल्ली ठरवतो आणि बँकेशी दुसरी. दोन्ही बाजूंना सगळं एन्क्रिप्टेड, मधे तो सगळं उघडं वाचतोय. पाकीट नीट चिकटवलं, पण दारात आलेला माणूस पोस्टमन आहे का हे पाहिलंच नाही, अशी ही गत. हे करायला फार मोठा हॅकर लागत नाही. लॉजचं वाय-फाय, पासवर्ड न बदललेला राउटर, डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत, केलेला एक फेरफार एवढं पुरतं, आणि लागणारी साधनं फुकट मिळतात. तुमची एपीआय की, टोकन, ग्राहकाचा पासवर्ड त्याच्या हाती जातो. शिवाय तो उत्तरही बदलू शकतो: ‘पेमेंट फेल’चं ‘सक्सेस’ करणं त्याला सहज जमतं.

‘ब्राउझरमध्ये उघडते म्हणजे सर्टिफिकेट बरोबर.’ या एका समजुतीने आमच्या क्षेत्राचे सर्वांत जास्त तास खाल्ले असतील. एका पतसंस्थेचं काम करत होतो. पिग्मी एजंट दारोदार जाऊन पैसे घ्यायचा, ॲपवर नोंद करायचा आणि खातेदाराला लगेच एसएमएस जायचा. एके दिवशी एसएमएस थांबले. लॉगमध्ये जावाचं नेहमीचं वाक्य: पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड, म्हणजे सर्टिफिकेटची साखळी जुळली नाही. एसएमएस कंपनीचा पत्ता क्रोममध्ये टाकला तर कुलपाचं चिन्ह व्यवस्थित दिसत होतं.

झालं असं होतं की कंपनीने सर्टिफिकेटचं नूतनीकरण केलं, पण सर्व्हरवर फक्त शेवटचं, स्वतःच्या नावाचं सर्टिफिकेट ठेवलं. त्याच्यावर सही करणारं मधलं, म्हणजे इंटरमीजिएट, जोडायचं राहून गेलं. हे मधलंच साखळी वरच्या रूटपर्यंत, म्हणजे यंत्राने आधीच विश्वासू मानलेल्या सर्टिफिकेटपर्यंत, नेतं. क्रोम असं मधलं सर्टिफिकेट नसलं तर ते स्वतः जाऊन आणतो, कारण त्याचा पत्ता खालच्या सर्टिफिकेटमध्ये लिहिलेला असतो. फायरफॉक्स अशा इंटरमीजिएटचा साठा आधीच जवळ बाळगतो. जावा, पायथन आणि ओपनएसएसएल या एन्क्रिप्शन लायब्ररीवर बांधलेलं कर्ल हे कमांड-लाइन साधन यांतलं काहीही आपणहून करत नाहीत. सर्व्हरने साखळी अर्धी दिली तर ते थांबतात, आणि त्यांचं थांबणं बरोबर आहे. त्यामुळे ब्राउझरमधलं कुलूप पाहून सर्व्हरला निर्दोष ठरवू नका.

अशा वेळी ओपनएसएसएलची एस-क्लायंट ही आज्ञा शो-सर्ट्‌स पर्यायासह चालवा. सर्व्हर किती सर्टिफिकेटं पाठवतोय ते समोर येतं. एकच दिसलं आणि खाली कोड २१ (पहिल्या सर्टिफिकेटची पडताळणी झाली नाही) आला, तर निदान झालं. दुरुस्तीही सर्व्हरच्याच बाजूला करायची असते. सर्टबॉट हे सर्टिफिकेट आणणारं साधन वापरणाऱ्यांकडे सर्ट आणि फुलचेन अशा दोन वेगळ्या फाइल असतात, आणि एनजिनएक्स या वेब सर्व्हरला फुलचेनची द्यावी लागते. एका ओळीचा बदल आहे.

कोड १० म्हणजे मुदत संपली. कोड ९ म्हणजे सर्टिफिकेट अजून लागूच झालेलं नाही, आणि तो दिसला की पहिल्यांदा आपल्या यंत्राचं घड्याळ पाहावं. रास्पबेरी पाय ४ पर्यंतच्या बोर्डांवर बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, वीज गेली की तारीख मागे राहते. कोड १९, म्हणजे साखळीच्या टोकाला अनोळखी रूट, आला आणि सही करणाऱ्याच्या जागी तुमच्याच ऑफिसचं नाव दिसलं, तर ऑफिसचा प्रॉक्सी मधे बसून रहदारी तपासतोय. त्याचं रूट आयटी विभागाने विंडोजमध्ये घातलेलं असतं म्हणून ब्राउझर चालतो. पण पायथनची रिक्वेस्ट्स लायब्ररी, नोड (सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट) आणि जावा विश्वासू रूटच्या आपापल्या वेगळ्या याद्या वापरतात. त्या यादीत ते रूट घाला. नोडसाठी तर त्याकरता एक खास एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आहे, कोडला हातही लावावा लागत नाही.

‘अहो, सर्टिफिकेट खरंच बरोबर होतं, तरी एरर आला’ असं सांगणारे ३० सप्टेंबर २०२१ ची आठवण काढतात. त्यांचं म्हणणं खरं आहे. त्या दिवशी लेट्‌स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेच्या साखळीतलं डीएसटी रूट सीए एक्स-३ हे जुनं रूट संपलं. अनेक यंत्रांवर नवं रूट हजर होतं. पण ओपनएसएसएल १.०.२ हे सर्व्हरने दिलेल्या साखळीमागे जात जात संपलेल्या रूटपाशी पोचायचं आणि तिथेच नकार द्यायचं. त्या दिवशीही नेमका उपाय होता: संपलेलं रूट ट्रस्ट स्टोअरमधून, म्हणजे यंत्राच्या विश्वासू रूटच्या यादीतून, काढून टाकायचं. तेवढ्याने जुनी यंत्रंसुद्धा चालू लागली. त्याच दिवशी ज्यांनी तपासणी बंद केली, त्यांना मात्र ती परत चालू करायला आठवण कोण करून देणार होतं?

‘फक्त नावाची तपासणी बंद करा’ हे ऐकायला सौम्य वाटतं, पण परिणाम जवळजवळ तोच. स्वतःच्या डोमेनचं अस्सल सर्टिफिकेट आज कुणालाही फुकट मिळतं. नाव पाहायचंच नाही म्हटलं, की ते तुमच्या बँकेच्या जागीही चालून जातं. पीएचपीत कर्ल वापरताना तर लोकांनी तपासणी चालू ठेवायच्या इच्छेने व्हेरिफायहोस्ट या सेटिंगला ट्रू दिलं होतं. ट्रू म्हणजे १, आणि १ चा अर्थ ‘नाव आहे एवढं बघ, जुळतंय का ते नको’ असा होता. खरी तपासणी २ वर होती. २०१२ मध्ये कर्लने तो १ स्वीकारणंच बंद केलं. भल्या हेतूने लिहिलेला कोड इतका उघडा राहतो, तर मुद्दाम बंद केलेल्याचं काय सांगावं!

‘संस्थाच फसल्यात.’ फसल्यात, हे मान्य. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या संस्थेत घुसून गूगलच्या नावाचं खोटं सर्टिफिकेट काढलं गेलं आणि इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. २०१४ मध्ये आपल्याकडच्या एनआयसी या सरकारी माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या सर्टिफिकेट यंत्रणेतून गूगलच्या डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाली. पण पहिला प्रकार उघड कसा झाला ते पाहा: इराणमधल्या एका माणसाच्या क्रोमने ते सर्टिफिकेट नाकारलं, कारण गूगलच्या साइटसाठी कोणत्या किल्ल्या चालतील हे क्रोमला आधीच सांगून ठेवलेलं होतं. तपासणी चालू होती म्हणून चोरी सापडली, आणि डिजिनोटारचं दिवाळं निघालं. पुढे ३० एप्रिल २०१८ नंतर दिलेलं प्रत्येक सार्वजनिक सर्टिफिकेट उघड्या नोंदवहीत असलंच पाहिजे, असा नियम क्रोमने केला. आपल्या डोमेनच्या नावाने कुणी काय काढलं, हे आज आपल्यालाही तिथे पाहता येतं.

राहिलं ‘प्रॉडक्शनला जाताना परत चालू करू’. प्रॉडक्शन म्हणजे खरे ग्राहक वापरतात तो सर्व्हर. पतसंस्थेच्या त्या रात्री आमच्या एका सहकाऱ्याने सगळं मान्य करणारा ट्रस्ट मॅनेजर घातला आणि वर ‘तात्पुरतं’ अशी कॉमेंट लिहिली. एसएमएस सुरू झाले, सगळे झोपायला गेले. कंपनीला कुणी कळवलंच नाही. दोन वर्षांनी मी दुसऱ्याच कामासाठी तो कोड उघडला, तेव्हा तोच क्लास, म्हणजे कोडचा तो तुकडा, बँकेच्या एपीआयलाही वापरला जात होता. कुणी वाईट हेतूने केलं नव्हतं. तयार क्लास होता, चालत होता, पुढच्या माणसाने उचलला. खातेदारांचे पैसे त्या वाटेने जात होते, हे आठवलं की मला आजही अस्वस्थ वाटतं.

आणि हे एरर पुढे वाढणार आहेत. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार असं ठरलंय. नूतनीकरण जितक्या वेळा, तितक्या वेळा कुणीतरी चुकीची फाइल ठेवणार.

तो क्लास मी काढून टाकला. लगेच दोन गोष्टी बंद पडल्या. एक आमचाच रिपोर्ट सर्व्हर होता, त्याचं स्वतः सही केलेलं सर्टिफिकेट जावाच्या ट्रस्ट स्टोअरमध्ये घातलं. दुसरी एसएमएस कंपनी: मधल्या काळात त्यांनी सर्टिफिकेट पुन्हा बदललं होतं आणि इंटरमीजिएट याही वेळी जोडलेलं नव्हतं. एस-क्लायंटने दाखवलेलं सगळं जसंच्या तसं मेलमध्ये चिकटवलं आणि कुठली फाइल हवी ते लिहिलं. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आज्ञा पुन्हा चालवली तेव्हा दोन सर्टिफिकेटं दिसत होती, आणि खाली कोड ०.