सूचक खोकला कसा काढावा

शेजारच्या टेबलावरचा सहकारी न विचारता तुमच्या खुर्चीमागे येऊन उभा राहतो, स्क्रीनवरचं वाचतो, आणि तुम्ही डबा उघडला की बॅकअपच्या वेळापत्रकावर वीस मिनिटं बोलतो? उपाय सोपा आहे. त्याला काहीही सांगू नका.

आधी घड्याळाकडे बघा. तो म्हणेल, "तुमचं घड्याळ चार मिनिटं पुढे आहे." खचू नका, खोका. पाणी आणून देईल. मग "पाच मिनिटांनी बोलू या?" हा रामबाण सोडा. (तो बरोबर पाचव्या मिनिटाला हजर होतो. पाच मिनिटं म्हणजे 'आता नको बाबा', एवढंही कळू नये माणसाला?)

तरीही फरक पडत नसेल, तर निदान करून टाका. ऑटिझम ओळखायला तज्ज्ञ लहानपणापासूनचं सगळं विचारतात, निरीक्षण करतात. तुम्ही दोन रील्स पाहिलेत, पुरे. 'अस्पर्जर' हे ऑटिझमपासून वेगळं निदान डीएसएम या मनोविकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकाने २०१३ मध्येच रद्द केलं, पण तुम्ही तोच शब्द वापरा, भारदस्त वाटतो. फक्त कुजबुजत, आणि त्याला सोडून सगळ्यांकडे.

डेमियन मिल्टन या समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ मध्ये मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं: सहकाऱ्याला तुम्ही उमगत नाही, तसा तुम्हालाही तो उमगत नाही. काहीतरीच! तुम्ही तर त्याला आरपार ओळखता. कशावरून, ते विचारायचं नाही.

मन मोठं असेल तर 'बिचारा, तसाच आहे तो' म्हणत सहा महिने सोसा आणि सातव्या महिन्यात भर मीटिंगमध्ये फुटा. त्यानंतरच्या तक्रारीत 'वारंवार सांगूनही' हे शब्द हवेतच. खोकला धरला तर ते खोटंही नाही.

एका गोष्टीपासून मात्र जपा. आमच्याकडे नवीन आलेल्या एका मुलीने तिसऱ्याच दिवशी त्याला सांगितलं, "मागे उभे राहू नका, मी दचकते. काम असेल तर मेसेज करा. जेवताना नको." काय हा उद्धटपणा! आम्ही श्वास रोखून बसलो. तो म्हणाला, "बरं. मेसेज किती वाजल्यानंतर करू?"

"तीन."

आता रोज तीन वाजून एक मिनिटाने तिचा फोन वाजतो. तुमच्या खुर्चीमागे मात्र तो अजून उभा आहे. खोका.