एल्क आहेत, वाट नाही: उरलेल्या टॅगांच्या फॉरवर्डला उत्तर

जुलै सरत आला की अमेरिकेतल्या शिकारीच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. आता तो कुणीतरी मराठीत उतरवला आहे आणि डेन्व्हरपासून डॅलसपर्यंतची आपली मंडळी तो इमानेइतबारे पुढे ढकलत आहेत. त्याचा गोषवारा असा: पश्चिमेकडच्या राज्यांत दरवर्षी एल्क (सांबरासारखं मोठं जनावर) आणि हरणांचे हजारो टॅग, म्हणजे शिकारीचे परवाने, विकलेच जात नाहीत, कारण तिथे जनावरच नाही. सरकार पैशासाठी रिकाम्या रानाचे टॅग छापतं. तरी हौस असेल तर सप्टेंबरात निवांत घ्या, कोण नेतंय! एकदा घेतला की त्या युनिटात कुठेही फिरा, सरकारी जमीन मुबलक आहे. साठवलेले पॉइंट मात्र जातील. आणि व्हिसावर असाल तर नादच सोडा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. तिकडे ती राज्याच्या वन्यजीव खात्याच्या परवान्याने चालते. खातं राज्याचे तुकडे पाडतं, त्यांना युनिट म्हणतात. प्रत्येक युनिटातल्या कळपांचा अंदाज घेऊन यंदा किती जनावरं मारू द्यायची ते ठरतं आणि त्या हिशेबाने टॅग निघतात. एक टॅग, एक जनावर. चांगल्या टॅगांना मागणी फार, म्हणून सोडत होते. तिच्यात टॅग लागला नाही की बऱ्याच राज्यांत पॉइंट साठतात आणि पुढच्या सोडतीत ते कामी येतात. सोडतीतून जे कुणाकडेच गेले नाहीत, ते उन्हाळ्यात उरलेले टॅग म्हणून विक्रीला येतात. आता एकेक मुद्दा घेऊ.

"जनावर नाही म्हणून टॅग उरतात"

जिथे जनावर कमी होतं तिथे टॅग उरत नाहीत, मुळात निघतच नाहीत. २०२२-२३चा हिवाळा पश्चिम वायोमिंग आणि वायव्य कोलोरॅडोत भयंकर गेला. चारा बर्फाखाली गाडला गेला आणि प्राँगहॉर्न (काळविटासारखं जनावर) आणि म्यूल डिअर (तिकडची हरणाची एक जात) मोठ्या संख्येने मेले. पुढच्या मोसमात खात्यांनी तिथले टॅग धडाधड कापले. म्हणजे यादीत टॅग दिसतोय याचा अर्थ एवढाच की त्या युनिटातून आणखी जनावर काढायला हवं असं खात्याचं मत आहे. कोलोरॅडोत एल्कची संख्या पावणेतीन ते तीन लाखांच्या घरात आहे, अमेरिकेच्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आणि उरलेल्या एल्क टॅगांची लांबलचक यादी याच राज्याची असते! रानं रिकामी आहेत म्हणणाऱ्याने या दोन गोष्टींचा मेळ घालून दाखवावा.

उरण्याची खरी कारणं वेगळी. एक म्हणजे मादी. बहुतेक शिकाऱ्यांना शिंगं हवी असतात. मादीचं मांस चवीला काही कमी नसतं, पण भिंतीवर टांगायला काही मिळत नाही. उलट कळप आटोक्यात ठेवायचा तर माद्याच कमी कराव्या लागतात, म्हणून खातं माद्यांचे टॅग भरपूर काढतं. दुसरं कारण मोसम. डिसेंबरातल्या कडाक्याच्या थंडीत सुट्टी टाकून जायला माणसं कमीच. तिसरं कारण जमीन, आणि तेच सगळ्यात मोठं. त्याकडे खाली सविस्तर येतो, कारण फॉरवर्डने लोकांना खड्ड्यात घातलंय ते तिथेच.

"सरकार पैशासाठी टॅग छापतं"

पैसा महत्त्वाचा आहे यात शंका नाही. ही खाती बरीचशी परवान्यांच्या फीवर आणि १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवर बसणाऱ्या केंद्रीय करावर चालतात. बाहेरच्या राज्यातल्या माणसाकडून एल्कच्या टॅगला स्थानिकाच्या दहापटीहून जास्त पैसे घेतले जातात. पण नुसतेच पैसे कमवायचे असते तर खात्याने शिंगवाल्या नरांचे टॅग दुप्पट केले असते. ते हातोहात खपले असते. प्रत्यक्षात त्यांच्यावरच काटेकोर मर्यादा असते. वायोमिंग तर माद्या-पाडसांचे टॅग मुद्दाम स्वस्तात देतं. पैशाच्या मागे लागलेला दुकानदार न खपणारा माल कशाला भरेल?

"सप्टेंबरात निवांत घ्या"

फॉरवर्ड लिहिणाऱ्याने यादी सप्टेंबरातच पाहिली असावी, त्याशिवाय पहिला गैरसमज झाला नसता. कोलोरॅडोत मुख्य सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. जूनमध्ये दुसऱ्या सोडतीचे अर्ज घेतले जातात, तिच्यात लहान मुलांना प्राधान्य. त्यातूनही उरलेले टॅग ऑगस्टच्या पहिल्या मंगळवारी सकाळी ९ वाजता, तिथल्या माउंटन वेळेप्रमाणे, विक्रीला येतात. यादी आधीच जाहीर झालेली असते. ज्यांनी तिचा अभ्यास केलेला असतो ते ९च्या आधीच ऑनलाइन रांगेत लागतात, आणि सार्वजनिक जमीन असलेल्या युनिटांचे टॅग बघता बघता संपतात. सप्टेंबरात जे दिसतं तो चाळणीत राहिलेला चोथा. तो पाहून धान्याची प्रत ठरवण्यात अर्थ नाही.

एक वाट मात्र खुली राहते. लोक काही कारणाने टॅग परत करतात. कोलोरॅडोत असे टॅग बुधवारी सकाळी ११ वाजता पुन्हा विक्रीला येतात. यात अधूनमधून असा टॅग सापडतो जो सोडतीत मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. ओरेगनमध्ये उरलेल्यांची विक्री १ जुलैलाच सुरू होते, वायोमिंगमध्येही जुलैतच. प्रत्येक राज्याचं पंचांग निराळं आहे, आणि हे फॉरवर्ड सगळ्यांना एकाच मापाने मोजतं.

"युनिटात कुठेही फिरा"

समजा यादीत कोलोरॅडोचा हा कोड दिसला: ई-एफ-०१२-पी१-आर. ई म्हणजे एल्क, एफ म्हणजे मादी, मधला आकडा युनिटाचा, आर म्हणजे रायफल. तिथे ए असता तर धनुष्यबाण, एम असता तर ठासणीची बंदूक. या कोडमधलं सगळ्यात महत्त्वाचं अक्षर पी. हा टॅग फक्त खासगी जमिनीवर चालतो. त्याच युनिटात नॅशनल फॉरेस्टचे डोंगर पसरलेले असले तरी तिथे हा टॅग घेऊन एल्क मारलात तर तो गुन्हा. पीच्या जागी ओ असता तर गोष्ट वेगळी. यादीत टॅग शेकड्याने शिल्लक आहेत या आनंदात लोक हे एक अक्षर वाचायचं विसरतात, आणि मग रँचवाल्यांना फोन करत बसतात. यंदाची माणसं ठरली आहेत, हे उत्तर बहुतेकांकडून मिळतं. जो हो म्हणतो तो फी सांगतो, ती टॅगपेक्षा जास्त असू शकते.

टॅगवर पी नसला तरी नकाशा उघडावाच लागतो. सर्रास वापरल्या जाणाऱ्या नकाशांत नॅशनल फॉरेस्ट हिरवं, बीएलएम या केंद्रीय भूव्यवस्थापन खात्याची जमीन पिवळी, राज्याची निळी आणि खासगी पांढरी असते. नेव्हाडाची सुमारे ८० टक्के जमीन केंद्र सरकारची आहे, पण कोलोरॅडोची साधारण ३६ टक्के आणि मोंटानाची ३० टक्क्यांच्याही आत. बरं, निळा रंग दिसला म्हणून आत शिरता येत नाही. वायोमिंगमध्ये राज्याच्या जमिनीवर कायदेशीर वाटेने पोचता आलं तर शिकार करता येते. कोलोरॅडोतली राज्य न्यासाची जमीन मात्र खात्याच्या प्रवेश योजनेत असेल तरच खुली असते. पांढऱ्या जमिनीला कुंपण नाही, पाटी नाही, म्हणून गेलो, ही सबब कोलोरॅडोत चालत नाही. परवानगी तरीही लागते.

शिवाय एल्क मूर्ख नसतात. पहिल्या आठवड्यात बंदुकीचे आवाज झाले की कळपच्या कळप सार्वजनिक डोंगर सोडून खासगी कुरणांत उतरतात आणि मोसम संपेपर्यंत तिथेच चरतात. रस्त्यावरून दुर्बिणीतून दोनशे एल्क दिसतात आणि तुमच्या खिशात टॅगही असतो, पण मध्ये काटेरी तार असते.

दक्षिण वायोमिंगमध्ये तर याहून विचित्र प्रकार आहे. १८६२ आणि १८६४च्या कायद्यांनी युनियन पॅसिफिक रेल्वेला मार्गाच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौरस मैलाचे तुकडे दिले गेले, मधले सरकारकडे राहिले. नकाशावर बुद्धिबळाचा पट दिसतो. सरकारी चौकोन एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकतात, आणि त्या कोपऱ्यावरून पाऊल टाकलं तर खासगी हद्दीचा भंग होतो की नाही, हा वाद अनेक वर्षं लोंबकळत होता. २०२१मध्ये मिझुरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी एल्क माउंटन परिसरात अशा कोपऱ्यावर शिडी उभी केली आणि जमिनीला पाय न लावता एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात गेले. जमीनमालक कंपनीची तक्रार होती की ते तिच्या हद्दीतल्या हवेतून गेले! फौजदारी खटल्यात २०२२मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष सोडलं. मग लाखो डॉलर्सच्या नुकसानभरपाईचा दिवाणी दावा झाला, तोही शिकारी जिंकले. मार्च २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे या भागातल्या राज्यांच्या, केंद्रीय अपील न्यायालयाने १८८५च्या बेकायदा कुंपणांविरुद्धच्या कायद्याचा आधार घेत निकाल कायम केला, आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. आपल्याकडे बांधावरून तीन-तीन पिढ्या कोर्टात जातात, त्या मानाने हे लवकर आटोपलं.

या निकालामुळे वायोमिंग, कोलोरॅडो, युटा, न्यू मेक्सिको इथल्या अडकलेल्या चौकोनांकडे शिकाऱ्यांचं लक्ष वळलं आहे, आणि जे टॅग जमीन अडल्यामुळे पडून राहायचे त्यांतले काही आता उपयोगाचे ठरू शकतात. मोंटाना त्या सर्किटमध्ये येत नाही आणि तिथलं खातं कोपरा ओलांडणं अजूनही बेकायदाच मानतं. वायोमिंगचं खातं तर उरलेल्या टॅगांच्या यादीत सार्वजनिक प्रवेश अवघड असलेल्या क्षेत्रांपुढे चक्क फुली मारतं. त्याच राज्यात आणखी एक मेख आहे: बाहेरच्या राज्यातल्या माणसाला संरक्षित वाइल्डरनेस भागात मोठ्या जनावराची शिकार परवानाधारक गाइडशिवाय किंवा खात्याची चिठ्ठी घेतलेल्या स्थानिक सोबत्याशिवाय करता येत नाही.

प्रवेशाची सोय असते, ती शोधावी लागते. वायोमिंग आणि आयडाहोतली अॅक्सेस येस योजना, मोंटानातलं ब्लॉक मॅनेजमेंट, यांत खातं रँचवाल्यांना मोबदला देऊन जमीन शिकाऱ्यांना खुली करून घेतं. फुली असलेल्या क्षेत्रातही असा एखादा तुकडा निघाला तर टॅग घेण्यासारखा ठरतो. म्हणून आधी नकाशा आणि मग यादी.

"पॉइंट जातात"

कोलोरॅडोत पॉइंट जातात ते मुख्य सोडतीत पहिल्या पसंतीचा टॅग लागला तर. उरलेल्यांतला टॅग घेतल्याने जात नाहीत. अॅरिझोनातही नाहीत. आयडाहो आणि न्यू मेक्सिकोत पॉइंटांची पद्धतच नाही, तर जाणार काय?

"व्हिसावर असाल तर नाद सोडा"

आपल्या मंडळींच्या जिव्हाळ्याचा मुद्दा हाच. केंद्रीय कायद्याने एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक किंवा काडतूस बाळगायला बंदी आहे, एवढं फॉरवर्डचं बरोबर. मित्राची बंदूक तात्पुरती हातात घेतली तरी ते बाळगणंच ठरू शकतं. पण त्याच कायद्यात अपवाद आहे: कुठल्याही राज्याने रीतसर दिलेला शिकारीचा चालू परवाना जवळ असेल तर ही बंदी लागू होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना ती मुळातच नाही. धनुष्यबाण तर या कायद्याच्या व्याख्येत बंदूकच नाही. कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकार प्रशिक्षणाचा दाखला लागतो, तो नागरिकाला लागतो तसाच आपल्यालाही.

मात्र परवान्याची मुदत संपली की सूटही संपते. मोसम उरकल्यावर रायफल कपाटात राहणार असेल तर ससे-पक्ष्यांचा वार्षिक परवाना चालू आहे का ते बघा. राज्याचे नियम वेगळे असू शकतात आणि चूक झाली तर प्रकरण थेट व्हिसावर येतं, तेव्हा बंदूक घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला एक फोन करा.